शब्दावर विचारलेलं

ग्रेंजर अकॅडमीत तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला खुर्चीत बसलं की माणूस अडकला. हे कुणी गमतीनं म्हणत नाही, नियमच तसा आहे. पहिली दोन वर्षं कॅडेटनं वाटेल तेव्हा आपली ट्रंक उचलावी आणि फाटकाबाहेर पडावं. कुणी हात धरत नाही. पण तिसरं वर्ष सुरू होण्याआधीच्या रविवारी सगळ्या वर्गानं सभागृहात उभं राहून उजवा हात वर करायचा, शपथ घ्यायची आणि सोमवारी सकाळी पहिल्या तासाला जाऊन बसायचं. तिथून पुढं दोन वर्षं अकॅडमीची आणि पाच फौजेची. मधेच सोडलं तर अधिकारी होणं राहिलं बाजूला, साधा शिपाई म्हणून ती वर्षं भरून द्यायची.

त्या सोमवारी डेविन प्रुइट खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, तेव्हा त्याला अडकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. उलट जीव भांड्यात पडला. बसू की जाऊ, जाऊ की बसू, यात त्याचे मे महिन्यापर्यंतचे कितीतरी दिवस गेले होते. शेजारच्या खुर्चीत त्याचा खोलीतला जोडीदार लाफा बसला. हवाई बेटांवरचा पोरगा, कपाटाएवढा, अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा सेंटर, म्हणजे चाल सुरू करताना चेंडू मागं देणारा. खुर्ची जोरात करकरली.

"बसलो बाबा एकदाचे," लाफा म्हणाला. "आता खुर्चीच मोडली तर शपथ रद्द होते का, ते विचार कुणाला तरी."

डेविन क्वार्टरबॅक होता, म्हणजे सेंटरनं मागं दिलेला चेंडू आधी ज्याच्या हातात येतो तो. दक्षिण जॉर्जियातल्या भुईमुगाच्या गावचा. त्या गावात शुक्रवारी संध्याकाळी शाळेची मॅच असली की पेट्रोल पंपसुद्धा बंद असतो, आणि तिथली पोरं चालायला लागली की ऑप्शन खेळायला लागतात. ऑप्शन म्हणजे तीन वाटांचा खेळ. सेंटरकडून चेंडू हातात आला की समोरच्या फळीतल्या एका गड्याला मुद्दाम मोकळा सोडायचा आणि त्याच्याकडे बघत धावायचं. तो काय करतो त्यावर डेविननं ठरवायचं. चेंडू मधून घुसणाऱ्या फुलबॅकच्या पोटात द्यायचा, स्वतःजवळ ठेवून पळायचं, की शेवटच्या क्षणी बाहेरून धावणाऱ्याकडे फेकायचा. विचार करायला श्वासभरही वेळ मिळत नाही. डेविनला तेवढाच वेळ आवडायचा. बाकी चोवीस तास दुसऱ्यांनी आखून दिलेल्या या जागेत तेवढं एक त्याचं त्यानं ठरवलेलं असे.

ग्रेंजरमध्ये वर्षानुवर्षं ऑप्शनच खेळला जायचा. म्हणून तर तो इथं आला होता. बाकीच्या मोठ्या कॉलेजांनी हा खेळ केव्हाच अडगळीत टाकलाय. ती लांबलांब पास फेकतात, त्यांना सहा फुटांहून उंच पोरं मिळतात. फौजी अकॅडमीला मिळतात डेविनसारखी, बुटकी आणि हट्टी.

पण जानेवारीत म्हातारे कोच निवृत्त झाले आणि ब्रॅनिगन आले. पश्चिमेकडचे, उन्हानं रापलेले, बोलायला गोड. पास फेकणाऱ्या संघांवर नाव कमावलेले. ऑप्शन राहणार की जाणार, अशी पोरांत कुजबुज सुरू झाली. मे महिन्यात डेविनच्या घरापासून तासाभरावरच्या एका कॉलेजातून फोन आला. तिथं अजून ऑप्शन खेळत होते आणि त्यांना क्वार्टरबॅक हवा होता. डेविननं एक आठवडा मागून घेतला आणि सरळ ब्रॅनिगनच्या ऑफिसात गेला.

आता इथं ग्रेंजरची एक रीत सांगायला हवी. कॅडेट खोटं बोलत नाही, हे बाहेरच्या जगालाही माहीत असतं. फाटकावरच्या दगडात तसं कोरलंय. पण आत आणखी एक गोष्ट चालते, ती कुठं कोरलेली नाही. उघडा पंजा टेबलावर ठेवायचा आणि 'शब्दावर' म्हणून विचारायचं. मग समोरच्यानं नुसतं खरं सांगून भागत नाही, पूर्ण सांगावं लागतं. अर्धं खरं हे इथं खोट्यातच धरतात. म्हणून फालतू गोष्टींसाठी असं विचारत नाहीत. लाफानं पहिल्या वर्षी आईनं पाठवलेल्या नारळाच्या वड्या कुणी संपवल्या हे शब्दावर विचारलं होतं. त्यावर वरच्या वर्गातल्या पोरांनी त्याला इतकं झापलं की तो आठवडाभर कुणाशी बोलला नाही. वड्या डेविननं खाल्ल्या होत्या आणि तसं त्यानं सांगितलंही होतं, किती खाल्ल्या त्या आकड्यासकट.

डेविननं ब्रॅनिगनच्या टेबलावर पंजा ठेवला.

"शब्दावर, कोच. पुढच्या सीझनमध्ये मला इथं थांबण्यात अर्थ आहे का?"

ब्रॅनिगननी त्या पंजाकडे बघितलं. पोरगं भावुक झालंय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी त्यावर आपला हात ठेवला आणि थोपटला. "जायचा विचार डोक्यातसुद्धा आणू नकोस, बेटा. मला तू हवा आहेस."

झालं. डेविननं ते पूर्ण उत्तर धरलं. बाहेरच्या कुठल्याही पोरानं पुढं चार प्रश्न विचारले असते, खेळवणार का, कुठं खेळवणार, काय खेळणार. पण दोन वर्षं जिथं विचारलं की पूर्ण उत्तर मिळतं, तिथं राहून माणसाची पुढचे प्रश्न विचारायची सवयच मोडते. असली चूक ग्रेंजरचंच पोर करू जाणे. त्यानं त्या कॉलेजला फोन करून नाही म्हणून कळवलं.

शपथेनंतरच्या गुरुवारी ब्रॅनिगननी सगळ्या संघाला बसवून नव्या चाली पडद्यावर दाखवल्या. त्यात ऑप्शन नव्हता. फुलबॅक नावाची जागाच नव्हती. क्वार्टरबॅक होता ट्रिप हॅलोरन, दुसऱ्या वर्षाचा, कॅलिफोर्नियाचा, ताडमाड, पास फेकणारा. डेविनचं नाव स्काउट टीममध्ये होतं. स्काउट टीम म्हणजे सरावापुरता शत्रू. येत्या शनिवारी ज्यांच्याशी मॅच असेल त्यांच्यासारखं खेळून दाखवायचं, आपल्या बचावाकडून मार खायचा आणि शनिवारी कोरे कपडे घालून कडेला उभं राहायचं.

मीटिंग संपल्यावर डेविन मागं थांबला.

"कोच, हे तुम्हाला मे महिन्यात माहीत होतं?"

"होतं," ब्रॅनिगन म्हणाले. माणूस कावेबाज होता पण लपवाछपवी करणारा नव्हता. काम झालं की सगळं सांगून मोकळा. "तेव्हा सांगितलं असतं तर तू गेला असतास. तू काय, अर्धा वर्ग गेला असता. मग मी संघ उभा कशावर करायचा?"

"तुम्ही म्हणालात मी हवा आहे."

"मग हवाच आहेस की. आरमारी अकॅडमीतले ते दर्यावाले आजही ऑप्शन खेळतात. त्यांच्या आठवड्यात माझ्या बचावाला ऑप्शन दाखवायला तुझ्यासारखा दुसरा कुठून आणू? मी खोटं काय बोललो, सांग मला."

डेविननं टोपी उचलली. तो "येस सर" म्हणाला आणि बाहेर आला. मैदानावरून नदी दिसते, नदीपलीकडे हमरस्ता दिसतो. त्यावरून ट्रक चालले होते. आठवड्यापूर्वी तो त्यातल्या कशातही बसून जाऊ शकत होता. त्याला राग आला, आणि सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला.

सीझन सुरू झाला. डेविन दर सोमवारी नवा माणूस व्हायचा. एका आठवड्यात ओहायोचा डावखुरा, दुसऱ्यात टेक्सासचा कुणीतरी लांब टांगांचा. त्या त्या माणसाचा नंबर अंगावर चढवायचा, त्याच्यासारखं पाय टाकायचं, त्याच्यासारखे पास फेकायचे. ते त्याला धड यायचे नाहीत, आणि आले नाहीत की बचावाचे कोच ओरडायचे, की असल्या पासनं आमच्या पोरांना काय शिकायला मिळणार. शनिवारी संघ हरायचा, मग दोनदा जिंकला, मग परत हरला. ट्रिप वाईट नव्हता. डेविनला तो वाईट असता तर बरं झालं असतं.

"तू नीट वाईट खेळत का नाहीस?" लाफा एकदा म्हणाला. "स्काउट टीममधून काढूनच टाकतील."

"मग कुठं जाऊ?"

लाफा विचारात पडला. "हो, ते पण आहे म्हणा. बाहेर तर जाता येत नाही. मग लायब्ररीत बसशील. त्यापेक्षा मार खा."

रविवारी डॅडींचा फोन यायचा. हार्लन प्रुइट शेंगांच्या गिरणीवर ट्रक चालवायचे आणि फोनवरही ट्रकच्या आवाजावर बोलत असल्यासारखे ओरडून बोलायचे. सीझनभर त्यांनी एकदाही विचारलं नाही की तू खेळत का नाहीस. टीव्हीवर सगळं दिसतच होतं. फक्त नोव्हेंबरात म्हणाले, "दर्यावाल्यांच्या मॅचला येतो मी. रजा टाकलीय. तू कपडे घालून असशील ना मैदानावर?"

"असेन, डॅडी. पण तुम्ही एवढ्या लांब कशाला..."

"कपडे घातलेले असले म्हणजे झालं," डॅडी म्हणाले. "कुणास ठाऊक काय होईल ते."

दर्यावाले म्हणजे समुद्रावरच्या फौजेची अकॅडमी. सीझनमधली ती शेवटची मॅच. बाकी सगळ्या हरल्या आणि ही जिंकली तर वर्ष सुफळ. बाकी सगळ्या जिंकल्या आणि ही हरली तर पुढचा डिसेंबर येईपर्यंत जेवणघरात मान वर करून बसायची सोय नाही. ती मॅच खेळायची म्हणून डेविन अकॅडमीत आला होता. पहिल्या दोन वर्षांत त्याला संधी मिळाली नव्हती. तिसऱ्या वर्षी मिळणार, हे तो धरूनच चालला होता.

त्या आठवड्याच्या सोमवारी त्यानं दर्यावाल्यांच्या क्वार्टरबॅकचा नंबर चढवला आणि सेंटरकडून चेंडू घेतला. त्याच्या शेजारून ऑरिन टॅकेट घुसला. ऑरिन दुसऱ्या वर्षाचा, केंटकीच्या डोंगरातला फुलबॅक, म्हणजे जी जागाच आता उरली नव्हती त्या जागेवरचा. ऑप्शनमध्ये चेंडू फुलबॅकच्या पोटाशी टेकवला की एक पाऊलभर तो दोघांच्याही हातात असतो. दोघंही धावत असतात, आणि क्वार्टरबॅकनं बोटं सैल सोडली तर फुलबॅकनं चेंडू आवळायचा, नाही सोडली तर चेंडू असल्यासारखा रिकाम्या हातानं घुसायचं. ते बोटांनीच एकमेकांना कळवायचं असतं. डेविनची बोटं काय म्हणतात हे ऑरिनला पहिल्या दिवसापासून कळायचं.

त्या दुपारी त्या दोघांनी स्वतःच्याच बचावाची दाणादाण उडवली. मधून, बाजूनं, बाहेरून. बचावाचे कोच शिट्ट्या फुंकून दमले. मार खाऊन खाऊन कंटाळलेली स्काउट टीमची पोरं हसायला लागली. डेविनला तर सीझनमध्ये पहिल्यांदा वाटलं की हे पाय आपले आहेत. आणि त्याच दुपारी त्याला हेही कळून चुकलं की तो जितकं चांगलं खेळेल तितका या जागेवर पक्का होईल. वाईट खेळून सुटका नव्हती, चांगलं खेळून तर नव्हतीच.

बुधवारी ब्रॅनिगननी त्याला बोलावलं.

"बस. तू आणि टॅकेट मिळून माझा बचाव फाडलात."

"येस सर."

"शनिवारी गोल रेषेजवळ एखाद-दुसरा यार्ड हवा असला तर ट्रिपच्या पासचा भरवसा नाही. मी तुमच्या तीन-चार चाली ठेवतोय. तू चेंडू घेशील." ते थांबले. डेविन खुर्चीच्या टोकावर सरकला. "आणखी एक. टॅकेट नाताळात सोडून जायचा विचार करतोय. कुठल्याशा कॉलेजाचा त्याला फोन आलाय. चांगला पोरगा आहे, मला पुढच्या वर्षी स्काउट टीमला लागेल. तो तुला मानतो. त्याच्याशी बोल."

"काय बोलू, सर?"

"खोटं काही बोलू नको. तुम्हा लोकांचं ते शब्दाचं प्रकरण मला आता ठाऊक झालंय. तू थांबलास, एवढं सांग. आणि शनिवारी खेळतोयस, हे सांग. दोन्ही खरंच आहे की नाही?"

खरंच होतं. डेविन बाहेर आला, डॅडींना फोन करावासा वाटला, आणि केला नाही. मॅचमध्येच दिसू दे, असं त्याला वाटलं. उकडलेल्या शेंगांचा थर्मास मांडीवर घेऊन डॅडी वर कुठंतरी बसलेले असतील आणि अचानक आपला नंबर आत धावत जाईल. तो रस्ताभर तेवढंच बघत राहिला. ऑरिनशी काय बोलायचं, हे त्यानं ठरवलं नाही. वेळ येईल तेव्हा थोडंसं बोलू, तो काही विचारणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

गुरुवारी दुपारच्या जेवणाला ऑरिन ताट घेऊन त्यांच्या टेबलाशी आला. मटणाचा रस्सा आणि बटाटे होते, त्याला त्यानं हात लावला नाही.

"कोच म्हणाले तुझ्याशी बोल."

"हो. म्हणजे..." डेविन म्हणाला. "मी थांबलो ना. आणि शनिवारी आपल्या चाली आहेत. तू पण आहेस त्यात."

"ते सांगितलं त्यांनी." ऑरिन हळू बोलायचा, डोंगरातली माणसं बोलतात तसं, प्रत्येक शब्द आधी तपासून. "माझी आई म्हणते, थांब, अधिकारी होशील. मला अधिकारी व्हायला हरकत नाही. पण मी इथं खेळायला आलोय. खेळायला मिळणार नसेल तर मला आत्ताच गेलं पाहिजे. ऑगस्टनंतर जाता येणार नाही."

"बरोबर."

ऑरिननं काटा बाजूला ठेवला आणि उघडा पंजा टेबलावर ठेवला. लाफाचा घास तोंडातच राहिला.

"शब्दावर, डेविन. पुढच्या वर्षी मला इथं जागा आहे का?"

डेविननं त्या पंजाकडे बघितलं. नखात मैदानाची माती होती. त्याला एकदा मनात आलं की यावर नुसता हात ठेवावा आणि थोपटावं. इतकं सोपं होतं ते. शनिवार तिथंच, हाताच्या अंतरावर होता.

"नाही," तो म्हणाला. एवढं बोलल्यावर उरलेलं सांगावंच लागलं. "शनिवारच्या तीन-चार चाली आहेत, त्या एका दिवसाच्या. पुढच्या वर्षी तू स्काउट टीममध्ये असशील, म्हणून तू त्यांना हवा आहेस. मीही त्यासाठीच हवा होतो. मला मे महिन्यात हे कुणी सांगितलं असतं तर मी इथं नसतो. आणि तुला थांबवायला सांगून त्यांनी मला शनिवार दिलाय. म्हणजे, तसं म्हणाले नाहीत ते. पण तसंच आहे."

ऑरिननं पंजा उचलला. "बरं," म्हणाला. मग गार झालेला रस्सा संपवला आणि ताट घेऊन गेला.

"त्याला शनिवारचं सांगायची गरज होती का?" लाफानं विचारलं.

"पूर्ण म्हणजे पूर्ण."

"ते खरं. पण मला आपलं वाटलं." लाफानं स्वतःच्या ताटातला पाव उचलून डेविनच्या ताटात ठेवला. लाफानं आपल्या ताटातलं कुणाला द्यायची ती पहिलीच वेळ.

शुक्रवारी संघ बसनं निघाला. बस सुटायच्या आधी एक मदतनीस कोच डेविनजवळ आला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "उद्या त्या चाली नाहीत. कोचनी बदललं." डेविनला कारण कळलं. तो उठून मागं ऑरिनच्या सीटशी गेला.

"तू सांगितलंस?"

"विचारलं त्यांनी," ऑरिन म्हणाला. "डेविन काय म्हणाला, असं."

"पंजा ठेवला होता का टेबलावर?"

"नाही."

"मग?"

"मग काय. विचारलं ना." त्याचा चेहरा पडला होता. आपण काय केलं हे त्याला सांगताना नाही, नंतर कळलं होतं. "मी पूर्ण सांगितलं. मला वाटलं, तू इतकं चांगलं वागलास, ते त्यांना कळायला हवं."

डेविनला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. तसं काही केलं नाही. याच्यावर रागावायचं तरी काय म्हणून? मे महिन्यात त्यानं स्वतः तेच केलं होतं, बाहेरच्या माणसाला आतली रीत लावली होती. तो परत जागेवर येऊन बसला आणि बस पूल ओलांडून हमरस्त्याला लागली.

शनिवारी हाडं गोठवणारी थंडी होती. दोन्ही अकॅडम्यांचे सगळे कॅडेट राखाडी आणि काळे ओव्हरकोट घालून समोरासमोर ओरडत होते. बचावानं दर्यावाल्यांचा ऑप्शन मुठीत धरला. आठवडाभर डेविननं जे जे केलं होतं ते त्यांना आधीच कळत होतं. दर्यावाल्यांचा क्वार्टरबॅक बाहेर वळला की ग्रेंजरचा गडी तिथं आधीच हजर. कडेला उभा असलेला डेविन स्वतःलाच पकडलं जाताना बघत होता. दर वेळी आपली पोरं ओरडायची आणि तोही ओरडायचा. आपला संघ जिंकावा असंच त्याला वाटत होतं. तेवढंच अवघड होतं.

शेवटच्या मिनिटांत बरोबरी होती आणि ग्रेंजर गोल रेषेपासून एका यार्डावर येऊन थांबलं. एक यार्ड, म्हणजे एक लांब ढांग. दोन प्रयत्न शिल्लक. डेविननं हेल्मेट घातलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हातांनी आपोआप घातलं. वर स्टेडियमच्या कुठल्याशा रांगेत डॅडी उभे राहिले असणार हे त्याला दिसल्यासारखं वाटलं. ब्रॅनिगन वळले. त्यांची नजर कडेच्या रांगेवरून फिरत आली, डेविनवर थांबली, आणि चांगली थांबली. त्या नजरेत राग नव्हता, हे डेविनला पुढं बरेच दिवस आठवत राहिलं. हिशेब होता. मग ते परत मैदानाकडे वळले.

ट्रिपनं पास फेकला, तो जमिनीवर पडला. मग लाथ मारणारा पोरगा आत गेला, चेंडू खांबांच्या मधून गेला, तीन गुण मिळाले आणि मॅच जिंकली. डेविनशिवाय जिंकली. ब्रॅनिगनचं गणित बरोबर आलं होतं.

मॅच संपली की दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या कॅडेटांसमोर उभं राहून त्यांचं गीत म्हणतात, मग जिंकलेल्यांचं. डेविन लाफाच्या शेजारी उभा राहून दोन्ही म्हणाला. लाफा चिखलानं, रक्तानं माखलेला, रडत होता. त्यानं डेविनला मिठी मारली आणि त्याच्या कोऱ्या शर्टावर मोठा डाग पडला.

कपडे बदलायच्या खोलीत ब्रॅनिगन प्रत्येकाशी हात मिळवत आले. डेविनचा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरला. "आजचा बचाव तुझा होता. मनापासून सांगतो. पुढच्या वर्षीही हा आठवडा तुझाच."

"येस सर," डेविन म्हणाला. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

डॅडी बाहेर ट्रकवाल्यांचं जाड जाकीट घालून उभे होते. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा डाग कसला?"

"लाफाचा आहे, डॅडी."

"हं. हेल्मेट घातलं होतंस तू. मी बघितलं." त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं. खारट वाफ आली, गावाकडची. "पुढच्या वर्षी?"

इथं कुणी पंजा ठेवला नव्हता, आणि डॅडींना ती रीत ठाऊकही नव्हती. 'बघू' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी इथं नसेन. म्हणजे खेळून झालंच माझं, डॅडी."

हार्लन प्रुइटनी बराच वेळ एक शेंग सोलली. "घे," मग म्हणाले. "गार होतील." दोघं पार्किंगमध्ये उभ्याउभ्या शेंगा खात राहिले. डेविनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते थंडीचं आहे असं दोघांनीही धरलं.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा आधी संपल्या आणि ऑरिन निघाला. जाणाऱ्याची ट्रंक दोघांनी धरायची असते, एक कडी त्याची, एक सोबत्याची. सोबत्यानं फाटकापर्यंत जायचं. तिथं रस्त्यावर पांढरी रेघ आहे, तिच्या पुढं परवान्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ऑरिननं डेविनलाच सोबत मागितलं. बाहेर त्याच्या मामाची गाडी सुरू करून उभी होती.

रेघेशी आल्यावर दोघांनी ट्रंक खाली ठेवली.  ऑरिननं हातमोजा काढला, वाकला आणि उघडा पंजा ट्रंकेच्या झाकणावर ठेवला.

"शब्दावर. मला सांगितल्याचा तुला पस्तावा होतो?"

गाडीत मामा रेडिओचं बटण फिरवत होता. पहारेकरी दुसरीकडे बघत होता. इथं तरी थोडं अर्धं सांगावं, पोराला हलक्या मनानं जाऊ द्यावं, असं डेविनला फार वाटलं.

"होतो," तो म्हणाला. "रोज सकाळी उठलो की होतो. तो एक यार्ड मी मनात कितीदा पळालोय, तुला कल्पना नाही."

ऑरिननं मान खाली घातली. पण त्याचा हात ट्रंकेवरच होता, आणि उत्तर अजून पूर्ण झालं नव्हतं.

"आणि ऑगस्टमध्ये तू माझ्यासारखा त्या खुर्चीत येऊन बसला असतास, तर मला कुणाच्याच तोंडाकडे बघता आलं नसतं. तुझ्या तर नाहीच. झालं. पूर्ण झालं."

ऑरिननं हातमोजा चढवला. डेविनच्या बाजूची कडीही त्यानंच धरली आणि ट्रंक एकट्यानं उचलून रेघेपलीकडे नेली. गाडी वळली, पुलाकडे गेली, नदीपलीकडच्या रस्त्यावर थोडा वेळ दिसत राहिली.

"कॅडेट," पहारेकरी म्हणाला, फार कडक नाही. "रेघेच्या मागं."

डेविननं खाली बघितलं. उजव्या बुटाचं टोक पांढऱ्यावर आलं होतं. त्यानं पाय मागं घेतला आणि परत अकॅडमीची चढण चढायला लागला. दुपारी मेकॅनिक्सचा तास होता. तो वेळेवर पोचला आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसला.